तुलनेचा गोठा

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला माझ्या नातीने माझा डाव्या हाताचा अंगठा तोंडात घातला आणि मी तो असा हिसकून काढला, की पोरगी आधी गप्प झाली, मग तिचा खालचा ओठ पुढे आला, आणि मग तिने घर डोक्यावर घेतलं. पाच महिन्यांची पोर. दात नाहीत, नुसत्या हिरड्या. हिरड्यांची पकड काय असते हे ज्याला ठाऊक नाही त्याने मध्ये बोलू नये. मला ठाऊक आहे, कारण एकतीस वर्षं मी दिवसाला पंधरा-वीस तोंडांत हा अंगठा घालत आलोय. सून आतून धावत आली. बायको म्हणाली, "अहो, विंचू चावला की काय?" मी म्हणालो, "नाही, आठवलं." "काय?" "वासरं मी मारली." बायकोने नातीला माझ्या मांडीवरून उचललं, खांद्यावर टाकलं, थोपटायला लागली आणि त्याच लयीत म्हणाली, "बरं. पाणी तापलंय, आंघोळीला जा."

यात तिचा काही दोष नाही. मी माणूस थापाड्या. प्रयोगशाळेत मला तोंडावर आजोबा म्हणतात आणि पाठीमागे थापेश्वर, आणि दोन्ही पदव्या मी कष्टाने मिळवल्यात. एका गायीने माझा थर्मामीटर गिळला आणि पुढची दोन वेतं तिचं दूध बरोबर साडेअडतीस अंशांवर येत होतं, ही हकिगत मी तीन संचालकांना ऐकवली. त्यांतल्या एकाने ती परिषदेत स्वतःची म्हणून सांगितली. एका बैलाला बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं म्हणून तेरावं इंजेक्शन त्याला लागलंच नाही, हीसुद्धा माझीच. बायको चाळीस वर्षं हे ऐकतेय. माझ्या बोलण्यातलं खरं एकीकडे आणि खोटं एकीकडे करायचं तिने पहिल्या पाच वर्षांतच सोडलं. आता ती नुसता सूर ऐकते. तर मी आंघोळीला गेलो. न्हाणीघरात बादलीवरच्या वाफेत उभा राहून अंगठा डोळ्यांजवळ धरला. नखाच्या कडेला एक भेग, जुनी, थंडीत उघडणारी. पेराशी कातडी जाड झालेली, तिथे गेली एकतीस वर्षं वासरांच्या जिभा घासल्यात. दिसायला कसा, तर एखाद्या भल्या म्हाताऱ्यासारखा. मी त्याला साबण लावला, मग हसलो, कारण आमच्या विषाणूला साबण लावला तर फक्त त्याची आंघोळ होते.

आमचं काम सांगायला सोपं आहे. दोन-चार दिवसांच्या वासरांना हगवण लागते, पिवळी, पाण्यासारखी, आणि तीन दिवसांत वासरू आतून बाहेर वाहून संपतं. ती लावणारा विषाणू एकटा नाही, त्याची मोठी भावकी आहे, आणि कुठला भाऊ कुठल्या गोठ्यात राहायला गेला ते आम्ही शोधतो. नमुना घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, प्रयोगशाळेत आणून विषाणूची अक्षरं वाचायची. गोठ्यागोठ्यांतून फिरताना त्याच्या लिखाणात एखादं अक्षर चुकतं, ती चूक तो पुढे घेऊन जातो, तिथे आणखी एक करतो. चुका जुळवत गेलं की कोण कुणापासून झाला ते कळतं. परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोरांना मास्तर असंच पकडतात. या चुकांची वंशावळ काढणारी एक मुलगी आमच्याकडे आहे, झाडवाली म्हणतात तिला सगळे, कारण दिवसभर तिच्या पडद्यावर फांद्याच फांद्या असतात. या मोसमात पाच गोठे आजारी होते. पाचही एकाच कालव्यावरचे, एकमेकांची वासरं घेणारे-देणारे. त्यांचं एकमेकांना लागणं म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांतली भांडणं, त्याला कारण शोधावं लागत नाही. सहावा गोठा लांबचा, डोंगराच्या पलीकडे. तिथे आठ वर्षांत बाहेरचं जनावर आलेलं नव्हतं. तो आम्ही निवडला होता तो आजारी नव्हता म्हणूनच, तुलनेला. आजारी किती आजारी आहे हे कळायला जवळ एक निरोगी ठेवावा लागतो. आणि तो तुलनेचा गोठाच एके सकाळी हगायला लागला. झाडवालीने त्याची अक्षरं वाचली, तर पाचव्या गोठ्यातला विषाणू जसाच्या तसा, वर एक चूक स्वतःची.

हे डोंगर ओलांडून गेलं कसं, यावर ती पोरगी दोन आठवडे बसली होती. माझ्या गाडीचे पायपोस पुसून तपासले, चाकं, बर्फाची पेटी, गमबूट, चष्म्याच्या काड्यासुद्धा. सगळं स्वच्छ. शुक्रवारी मला म्हणाली, "सर, पाचवा आणि सहावा तुमच्या दौऱ्यात एकाच दिवशी आहेत." मी म्हणालो, "बाळ, घर पेटलं की बंब येतो. उद्या तू म्हणशील, जिथे जिथे बंब दिसतो तिथे तिथे आग असते, तेव्हा बंबच पेटवतो." ती हसली. मीही हसलो, वाक्य चांगलं होतं. हसताना माणसाला तारखा दिसत नाहीत. तुलनेच्या गोठ्यावर मी गेलो तेव्हा तिथे काहीच पेटलेलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी दिसलं नाही. मला दिसलं होतं का? रविवारी न्हाणीघरात मी स्वतःला हे तीन-चारदा विचारलं, आणि स्वतःला उत्तर देतानाही मी थोडं तिखटमीठ लावतो असं लक्षात आल्यावर विचारायचं थांबवलं.

अंगठ्याची विद्या मला माझ्या गुरूंनी दिली. दणकट, भयंकर शिवराळ माणूस, पण वासरापुढे गुडघे टेकले की त्यांचा आवाज बदलायचा. ते म्हणत, आधी द्यायचं, मग घ्यायचं. वासराच्या मागच्या बाजूने नमुना काढायचा म्हणजे ते दचकतं, लाथ मारतं, त्यापेक्षा डावा अंगठा त्याच्या तोंडात द्यावा. ते चोखत राहतं, आईचं आहे समजून डोळे मिटतं, आणि उजवा हात आपलं काम उरकतो. उजव्या हातात प्रत्येक वासराला नवा मोजा. डावा उघडा, कारण रबराची चव लागली की वासरू थुंकतं. सगळे म्हणायचे, यांच्या हाताला वासरू रडत नाही. पुढे मी नमुने घेण्याची एक पुस्तिका लिहिली, ती अजून सगळीकडे वापरतात; तिच्यातला नववा नियम, दोन्ही हातांत मोजे. दहावा नियम, आधी निरोगी गोठा, मग आजारी. नियम लिहिणाऱ्याला ते पाळावे लागत नाहीत असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मला ते आपोआप कळलं होतं. त्या दिवशी, पाच तारखेला, रस्ता आधी पाचव्या गोठ्यावरून जात होता. निरोगीकडे आधी जायचं म्हणजे डोंगराला वळसा, तासभर जास्त, आणि दुपारी घरी जेवायला पोचायचं होतं. मी पाचव्याला उतरलो, सात वासरांना अंगठा दिला, साबणाने हात धुतले आणि सहाव्याला गेलो.

तिथे वासरं सांभाळणारी एक बाई आहे. चौदा वर्षं तिथेच, चाऱ्याच्या कोठीला लागून तिची खोली. सगळे तिला मावशी म्हणतात, वासरंही म्हणत असतील. जन्मलेल्या वासराला तासाभरात चीक पाजायचा म्हणजे पाजायचा, मग गाय कुठल्याही वेळी व्यालेली असो. बहिणीकडे जाऊन आली की बाहेरच कपडे बदलायची. मी दाराशी पोचलो तशी म्हणाली, "साहेब, पाय." मी जंतुनाशकाच्या पाण्यात गमबूट बुडवले. "परत." परत बुडवले. "हात?" मी मोज्यातला उजवा दाखवला. तिने डाव्याकडे बघितलं. "आणि हा?" मी म्हणालो, "मावशी, हा धुतलाय. हा इतका धुतलाय की घरी बायको याच्याकडून भांडी घासून घेते." ती हसली आणि बाजूला झाली. एकोणीस वासरं होती. मी एकेका खणात बसलो, एकेकाला अंगठा दिला. एक तांबूस वासरू तर सोडायलाच तयार नव्हतं, मावशी म्हणाली, "तुमचा लळा लागला त्याला." सात तारखेला सकाळी तेच पहिलं आजारी पडून खाली बसलं.

दहा तारखेला मी परत गेलो तेव्हा चार गेली होती आणि सात जाण्याच्या वाटेवर होती. डोळे आधी खोल जातात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहते, कागदाला घडी पडावी तशी. कान गार, पाय गार, आणि मग तोंड आतून गार पडतं. चोखणं मात्र सगळ्यात शेवटी जातं. मी नमुना घ्यायला बसलो, सवयीने अंगठा दिला, आणि त्या गार तोंडाने तो धरला, जोर नव्हता पण धरला, आणि मला वाटलं, बिचाऱ्याला तेवढाच आधार. तेवढाच आधार असं खरंच वाटलं मला, डोळ्यांत पाणीही आलं. मावशी मागे उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झालेले. म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा सगळी चांगली होती, साहेब." मी म्हणालो, "माझी दृष्ट लागली म्हणा." या वेळी ती हसली नाही. एकूण अकरा गेली. गोठ्याच्या मालकाने हिशेब केला तो सरळ होता: बाई तीन तारखेला बहिणीकडे गेली होती, बहिणीकडे दोन वासरं होती, तिने आणलं. बहिणीची वासरं तपासायला आमचा माणूस गेला तोवर ती विकली गेली होती, म्हणजे तिच्या बाजूने बोलायला एक वासरूही उरलं नव्हतं. मालकाने आमच्या मोठ्या साहेबांना सांगून ठेवलं होतं, तुमच्या अहवालात तसं आलं की त्याच संध्याकाळी ती खोली रिकामी करेल. अहवालात एकच रकाना उरला होता, संसर्गाचा मार्ग. तो मी भरायचा होता, सोमवारी, अकराच्या बैठकीत.

रविवारची दुपार मी पलंगावर पडून काढली. बाहेर नात हसत होती, तिला कुणीतरी चमचा वाजवून दाखवत होतं. मला माझ्या थोरल्या भावाची आठवण आली. मी आठ वर्षांचा असताना वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ माझ्या हातून पडलं, आणि ते विचारायला उभे राहिले तेव्हा मी त्यांना घड्याळ स्वतःहून कसं उतरलं, जिन्यापर्यंत कसं गेलं, वेळ चुकल्याचं लक्षात येऊन लाजेने कसं पडलं, ते सगळं सांगितलं. वडील हसून हसून बेजार झाले. मग हसू ओसरल्यावर त्यांना कुणाला तरी मारायचं होतंच, भाऊ जवळ उभा होता. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, रडला नाही. रात्री अंधारात म्हणाला, "चांगली होती गोष्ट." तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. मी उठून बसलो. मोठ्या साहेबांना फोन करावा, नीट बसून सांगावं: साहेब, मी क्रम उलटा केला, डाव्या हातात मोजा नव्हता. चार वाक्यं. दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो, पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार होती, पहिल्या पानावर माझा फोटो. चार वाक्यांनंतर तो फोटो छापला गेला नसता, आणि बाईची खोली राहिली असती. तराजू असा समोर धरल्यावर कुठलाही सज्जन माणूस काय करेल ते मला ठाऊक होतं. पण सकाळचं बायकोचं "बरं" माझ्या कानात होतं. मी खरं बोललो होतो, पूर्ण खरं, आणि पाणी तापलं होतं. पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की मला खरं बोलूनही सुटता येईल. त्याचा मला केवढा आनंद झाला हे मी लपवत नाही. संध्याकाळी मी नातीला बागेत नेलं, उजव्या हातावर घेऊन.

सोमवारी बैठकीच्या आधी व्हरांड्यात झाडवालीने मला गाठलं. हातात एक कागद, डोळे न झोपलेले. "सर, पाच तारखेचे सहाव्या गोठ्याचे नमुने निरोगी आहेत." "असणारच. तुलनेचा गोठा तो." "म्हणजे तुम्ही आधी गेलात. मग सुरू झालं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चल, आत सांगतो." तिचा चेहरा इतका हलका झाला की मला तिची कीव आली. व्हरांड्यातल्या बाकावर मावशी बसली होती, मालकाने तिला गाडीतून आणलं होतं. धुतलेले, पण गोठ्याचा वास न गेलेले कपडे. मला बघून ती अर्धवट उठली, मग बसली.

आत मोठे साहेब, गोठ्याचा मालक, झाडवाली, मी. दार उघडंच होतं, पंखा बंद पडला होता म्हणून. साहेब म्हणाले, "आजोबा, तेवढा मार्ग लिहून टाका." मी डावा अंगठा वर धरला. "मार्ग हा," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. पाच तारीख, डोंगराचा वळसा, उलटा क्रम, उघडा हात, भेग, साबण. सगळं खरं सांगितलं आणि प्रत्येक खऱ्याच्या शेपटीला एक घुंगरू बांधलं. विषाणू पाचव्या गोठ्यावर गाडीत बसला तेव्हा मला म्हणाला, खिडकीची जागा द्या. मी म्हटलं, नखाखाली बस, तिथून डोंगर छान दिसतो. वाटेत त्याला गाडी लागली. सहाव्या गोठ्यावर उतरताना म्हणाला, आजोबा, तुमच्यामुळे जग बघितलं, नाहीतर आमच्या खानदानात कुणी कालवा ओलांडला नव्हता. मालकाचं पोट टेबलाला लागून हलत होतं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "यांना निवृत्त करणारा कायदाच रद्द केला पाहिजे." झाडवाली हसत नव्हती. ती उभी राहिली. "पण सर, ते खरंच... तारखा जुळतात. हे बघा, पाचला सर गेले, साताला पहिलं वासरू—" साहेब म्हणाले, "अगं, तूसुद्धा? नवीन आहेस अजून. मीही पहिल्या वर्षी यांचा थर्मामीटर गायीच्या पोटात शोधला होता." तिने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले, म्हणजे बघ बाई, सांगून तर बघितलं. ती खाली बसली आणि कागदाची घडी घालायला लागली, एक, मग दुसरी, आणखी घडी घालता येणार नाही इतका तो लहान होईपर्यंत.

तेवढ्यात दारात मावशी उभी दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मालकाला म्हणाली, "हे साहेब खरं बोलतायत." मालक म्हणाला, "मावशी, गंमत करतात ते." "नाही. मी त्यांना विचारलं होतं त्या दिवशी, डाव्या हाताचं." मग माझ्याकडे वळली. त्या खोलीत मला थापेश्वर म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आयुष्यात माझ्या दोनच गोष्टी ऐकल्या होत्या. ती अगदी साधेपणाने, एखाद्या वासराला दुसऱ्यांदा बाटली लावून बघावी तशी म्हणाली, "साहेब, परत एकदा सांगा. हसू येणार नाही असं सांगा."

तिने बरोबर जागा ओळखली होती. हसू येणार नाही असं सांगणं मला येतं, लोकांना वाटतं येत नसेल. आवाज खाली आणायचा, हात टेबलावर पालथे ठेवायचे, विशेषणं काढून टाकायची, कुणाच्याही डोळ्यांत न बघता तारखेपासून सुरुवात करायची. एवढं केलं असतं तर साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिसऱ्या वाक्याला विरलं असतं. साहेब वाट बघत होते, थोडे कंटाळून. झाडवालीने मान वर केली होती. मला माझ्या तोंडात ते पहिलं वाक्य आलेलं कळलं, जड, बेचव, जिभेवर पडून राहिलेलं. शांतता अजून जरा लांबली असती तर ते आपोआप बाहेर पडलं असतं. मी घाई केली.

"मावशी," मी डावा अंगठा पुढे करत म्हणालो, "मी याला घरी नीट विचारलं. तो म्हणतो, मी त्या दिवशी रजेवर होतो. अर्जही दिलाय म्हणे. सही येत नाही बिचाऱ्याला, म्हणून अर्जावर स्वतःच उठलाय."

असं हसू मला एकतीस वर्षांत मिळालं नव्हतं. मालक खुर्चीतून घसरला. साहेबांना ठसका लागला, त्यांनी हाताने पाणी मागितलं, ते मीच दिलं. आणि मग मावशीही हसली. आधी कळलं नाही तिला, ती एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. मग मोठी माणसं हसतायत म्हटल्यावर आपण न हसणं बरं दिसत नाही, तशी तोंडावर हात धरून हसली. झाडवाली उठून बाहेर गेली. साहेब म्हणाले, "चला, लिहा. बाहेरचा संपर्क, कामगारामार्फत." मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

मालकाने तिला सांगितलं, की आता परत गोठ्यात जायचं नाही, सामान संध्याकाळी कुणीतरी फाटकाशी आणून देईल. ती हो म्हणाली. हसू अजून तिच्या गालांवर पुरतं मावळलं नव्हतं. मग तिने विचारलं, "चारच्या बाटल्या कोण देणार?" "बघेल कुणीतरी." "आठ उरलीत," ती म्हणाली. "त्यातल्या दोघांना अजून दूध पचत नाही, पाणी घालून द्यायचं, निम्मं. कोपऱ्यातल्याला बाटली खालून लावायची, वरून लावली की नाकात जातं." मालक साहेबांशी हात मिळवत होता. "आणि सगळ्यात धाकटं आपणहून पीत नाही," ती आता मला सांगत होती, कारण तिच्याकडे तोंड करून मीच तेवढा उभा होतो, "त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. नुसतं शेजारी बसायचं."